समाचाराचं खातं

साताऱ्याच्या शेजारधर्म मंडळात एका खात्याचं दुसऱ्या खात्याशी काही काम निघालं, तर हाक मारायची पद्धत होती. पद्धत वाईट नव्हती. मंडळाच्या पाच खोल्यांमधल्या भिंती छतापर्यंत पोचायच्या आधीच वर्गणी आटलेली असल्यामुळे हाक भिंतीवरून सहज जाई आणि जाताजाता मधल्या खोल्यांनाही कळे. पहिल्या खोलीत काठ्या, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या. दुसरीत आजाऱ्याच्या खाटा. तिसरीत रुग्णवाहिका, चौथीत अंत्यसेवा, आणि पाचवीत भोजन, म्हणजे ज्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही तिथं पिठलं-भाकरी पोचवणारं खातं. अडचणीत माणसाला जे जे लागतं ते सगळं मंडळानं क्रमवार मांडलेलं होतं. नवखा माणूस पहिल्या खोलीतून शिरून पाचवीतून बाहेर पडला की आधी घर गाठे.

सचिव हरिभाऊ शेवडे यांना मात्र ही हाक सलत होती. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. तिथं पाण्यालासुद्धा लेखी आल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. त्यात अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ते मेहुण्याचे डोळे दाखवायला सांगलीला गेले, आणि तिथल्या दवाखान्यात त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी टेबलावरची एक कळ दाबली, एवढंच. हाक नाही, चिठ्ठी नाही, शिपाई नाही. आणि हरिभाऊ मेहुण्याचा हात धरून औषधाच्या खिडकीशी पोचतात, तो बाटली तयार. त्यांनी खिडकीतल्या मुलीला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ती म्हणाली, सिस्टिमनं. हे गृहस्थ कुठे बसतात, असं विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण मुलीच्या आवाजात असा काही आदर होता की त्यांनी नुसती मान लववली.

परतीच्या एसटीत ते कराडपर्यंत पुढच्या बाकाच्या दांडीवर बोटानं कळ दाबून बघत होते. कराडच्या स्टँडवर खाली उतरून भजीच्या गाड्याकडे पाहत राहिले. एक जण तळत होता, दुसरा बांधत होता, तिसरा पैसे घेत होता, आणि तिघंही एकमेकांना ओरडून सांगत होते. हरिभाऊंना त्यांची कीव आली. भजी न खाताच ते गाडीत येऊन बसले. बरोबर आलेल्या चारुशीलाबाईंना नवऱ्याच्या प्रकृतीची पहिली काळजी वाटली ती तेव्हा.

पुढचं सगळं चमत्कारासारखं घडत गेलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं मोडीत काढलेले पाच कॉम्प्युटर मंडळाला दान दिले. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या स्वानंदीबाई रविवारच्या रविवार येऊन ते जोडून द्यायला तयार झाल्या. भिंती अर्ध्याच असल्यामुळे वायर टाकायला अजिबात त्रास पडला नाही. जिथून हाक जात होती तिथूनच वायर गेली.

स्वानंदीबाईंचं म्हणणं फार सोपं होतं. प्रत्येक खातं म्हणजे एक सेवा. मागणी आली की आपलं काम करायचं, घेणाऱ्याची सही घ्यायची, आणि पुढच्या खात्याला कळवायचं. एकानं दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही, कसं केलंस म्हणून विचारायचं नाही. मग त्या वही घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमचं काम झालं की पुढे कुणाला सांगता? काठ्यांचे नाथाजी म्हणाले, खाटवाल्यांना, कारण काठी नेलेलं घर पंधरवड्यात खाट मागतंच. खाटवाले म्हणाले, गाडीला. गाडीचा चालक जोतीराम म्हणाला, मी कुणाला सांगणार, मीच पाटी फिरवतो. मंडळाची गाडी एकच होती, आणि तिच्या टपावरच्या पाटीवर एका अंगाला ‘रुग्णवाहिका’ आणि दुसऱ्या अंगाला ‘अंत्यसेवा’ असं लिहिलेलं होतं. शिवाय सगळ्यांनी आणखी एक गोष्ट अभिमानानं सांगितली. मंडळ कुणी मागायची वाट बघत बसत नाही. अडलेल्या घरानं तोंड उघडून मागावं, ही शेजाऱ्याला लाज. तेव्हा पुढचं पुढचं आपण होऊन धाडायचं, ही इथली रीत.

स्वानंदीबाईंनी ही रीतही कॉम्प्युटरला शिकवली. मग एका मोठ्या कागदावर पाच चौकोन काढून त्यांत बाण मारले आणि तो कागद भिंतीवर लावला. कार्यकारिणी त्याच्यापुढे हात मागे बांधून उभी राहिली. माणसाचं आयुष्य इतकं सरळ असतं, हे आजवर कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

विरोध केला तो एकट्या सुभेदार दादासो जगदाळ्यांनी. फौजेतून आल्यापासून मंडळाचे सचिव तेच होते. गेल्या निवडणुकीत हरिभाऊंनी त्यांना दोन मतांनी पाडलं होतं, आणि ती दोन मतं कुणाची हे दादासो अजून शोधत होते. सर्वसाधारण सभेत त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “म्हंजे ह्यो पैराच की. माजा बैल तुज्या रानात, तुजा बैल माज्या. त्यो काय खातो, कुटं झोपतो, कुनी इचारायचं न्हाई.”

स्वानंदीबाईंना उपमा आवडली. त्या म्हणाल्या, अगदी तसंच.

“तसंच न्हाई, बाई. पैऱ्याला बी बैल जुपायच्या आदी मानूस रान बगून येतो.”

सभेत हशा पिकला. हरिभाऊंना तो हशा आपल्यावर आहे असं वाटलं, आणि दुखावलेला मध्यमवर्गीय माणूस जे करतो ते त्यांनी केलं. ते उभे राहिले आणि जाहीरपणे बोलून बसले, की एका माणसाची मागणी कुणी कुणाला हाक न मारता, फोन न करता, पहिल्या खोलीपासून शेवटापर्यंत सुरळीत गेली नाही, तर मी सचिवपद सोडतो. दादासोंनी ते तिथल्या तिथं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं आणि वर स्वतःच्या अटी घातल्या. मागणी लुटुपुटूची नको, खऱ्या माणसाची खरी पाहिजे. पडद्यावर येईल तेवढंच करायचं. कुणी आपलं डोकं चालवायचं नाही.

एक अडचण होती. काठी नेल्यावर खाट लागायला पंधरा दिवस, खाटेनंतर गाडी लागायला आणखी काही दिवस. एवढा वेळ सभासद कुठले थांबायला. तेव्हा चाचणीपुरतं दिवसाचं एक मिनिट धरावं, असं हरिभाऊंनीच सुचवलं. स्वानंदीबाई जरा घुटमळल्या. पण हरिभाऊंचा चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा झाला होता. त्यांना ते सगळं डोळ्यांदेखत चालताना बघायचं होतं.

चाचणीच्या सकाळी स्वानंदीबाई परीक्षेच्या कामात कराडला अडकल्या होत्या. दादासो दुपारी निकाल बघायला गावाहून येणार होते. सगळे आपापल्या पडद्यासमोर अंघोळी करून बसले होते, आणि खरा गरजू माणूस काही मिळत नव्हता. साताऱ्यात त्या दिवशी कुणालाच काही होत नव्हतं. हरिभाऊ अस्वस्थ झाले. निदान शोभा तरी यावी म्हणून ते स्टुलावर चढून पहिल्या खोलीच्या दारावर तोरण बांधायला लागले, आणि स्टुलाचा चौथा पाय ही केवळ परंपरा आहे हे विसरले.

पडल्यावर कळ मस्तकात गेली. पण त्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून नाथाजी घाबरले. घोट्याला हात लावून हरिभाऊ म्हणाले, “नोंद करा. काठी. शेवडे. शनिवार पेठ.” खरा माणूस मिळाला होता.

मंडळातलं कुणी त्यांच्याबरोबर घरी गेलं नाही. कसं जाणार? सगळ्यांना पडद्यासमोर बसायचं होतं. रिक्षावाल्यानंच त्यांना धरून जिना चढवला, आणि चारुशीलाबाई पाय उशीवर ठेवतात न ठेवतात तो दारात काठी हजर. हरिभाऊंचे डोळे भरून आले. मंडळाची काठी यायला पूर्वी संध्याकाळ व्हायची, आणि तीही कधी कधी छत्री निघायची. त्यांनी झोकात सही केली.

तोवर शेजारच्या शालूबाई आंबेहळद घेऊन आल्या होत्या. हाड मोडलं असेल तर हळद उपयोगाची नाही आणि मोडलं नसेल तर गरज नाही, असं त्यांचंच मत होतं. पण आणलीच आहे तर लावू म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी कोरेगावकडच्या एका पायाची मुरगळ उतरवणाऱ्याचं नाव सांगितलं. तो दुखऱ्या पायाला हातच लावत नाही, चांगल्या पायाला लावतो, त्यामुळे दुखत नाही म्हणे. समोरच्या काकांनी पाय वर ठेवा म्हटलं, त्यांच्या सुनेनं खाली ठेवा म्हटलं, आणि हरिभाऊ प्रत्येकाचं ऐकून पाय वरखाली करत राहिले. त्यांचं लक्ष जिन्याकडे होतं.

जिन्यात खडखडाट झाला. लोखंडी खाट आली. उशाकडून उचलायची, फिरवायच्या दांड्याची. ती आत घ्यायला दिवाणखान्यातला सोफा गॅलरीत गेला, गॅलरीतली तुळस शालूबाईंकडे गेली. चारुशीलाबाई म्हणाल्या, कशाला हवी आहे ती, आपला पलंग आहे की. हरिभाऊंनी त्यांना दबक्या आवाजात समजावलं, की खाट आपल्यासाठी नाही, ती साखळीसाठी आहे. साखळी तुटता कामा नये. आणि त्यांनी खाटेवर आडवं होऊन सही केली, म्हणजे निदान सही तरी खोटी नको.

मग रुग्णवाहिका आली. जोतीराम वर येऊन अदबीनं उभा राहिला. चारुशीलाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, आता आलीच आहे तर चला, हाडाच्या डॉक्टरांना दाखवून येऊ. सूचना इतकी शहाणपणाची होती की हरिभाऊ क्षणभर डळमळले. पण दवाखान्यात रांग असणार, जोतीराम तिथं अडकणार, सही मंडळात पोचणार नाही, आणि दुपारी दादासो येऊन पडद्याकडे बघत नुसते मिशीत हसणार. हरिभाऊंनी घोट्याकडे पाहिलं, मग जोतीरामकडे पाहिलं, आणि ‘सेवा मिळाली’ म्हणून सही करून गाडी परत पाठवली.

गरज संपली की साखळी आपोआप थांबेल, अशी त्यांची समजूत होती. गरज संपल्याचं साखळीला सांगणार कोण, हा प्रश्न त्यांना आजवर पडलेला नव्हता. जोतीराम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचला तेव्हा तो प्रश्न पडला. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारायची नाही, हे इतिवृत्तात होतं.

गाडी पुन्हा आली तेव्हा पाटी फिरलेली होती.

शनिवार पेठ ही अशा बाबतीत फार तत्पर. खिडक्या उघडल्या, रेडिओ बंद झाले, समोरच्या काकांनी टोपी काढली. कारण गाडीच्या आधीच बातमी येऊन पोचली होती. अंत्यसेवेचा हुकूम निघाला की राजवाड्याच्या चौकातल्या फळ्यावर नाव लिहायचं, हे त्या खात्याचं पहिलं काम, आणि ते त्यांनी सुवाच्य अक्षरात केलं होतं. ‘कै. हरिभाऊ शेवडे, सचिव, शेजारधर्म मंडळ.’ आजवरचा अनुभव असा, की मेलेल्या माणसाचं नाव फळ्यावर यायला सावडायचा दिवस उजाडे. इथं माणूस मरायच्या आत आलं होतं. बातमी कानावर आली तेव्हा हरिभाऊंच्या मनात दुःखाच्याही आधी उमटला तो अचंबा.

जोतीराम दारातच थांबला. आत यायचा त्याला धीर होईना. हातातला कागद त्यानं लांबूनच पुढे केला.

“मालक, तुमी जित्तं हाय ते मला दिसतंय. पन हुकूम हाय. नातेवाईकाची सही पायजे.”

कागदावर ‘मयताच्या नातेवाईकास सेवा मिळाली’ असं छापलं होतं. हरिभाऊंनी तो वाचला, पुन्हा वाचला. शेवटचं खातं राहिलं होतं. ही एक सही झाली, पिठलं-भाकरी आली, की संपलं. सगळं हाकेशिवाय, फोनशिवाय, बिनचूक. दादासोंना इतिवृत्त उघडून दाखवता येईल. त्यांनी कागद बायकोपुढे धरला आणि जणू दुधाच्या कार्डावर सही मागावी अशा सुरात म्हणाले, नुसती कार्यपद्धती आहे, खाली तुझं नाव घाल.

चारुशीलाबाईंनी कागद घेतला नाही. त्यांनी हळदीचे हात पदराला पुसले.

“मी ही सही करणार नाही.”

“अगं, पण माझं सचिवपद जाईल.”

“जाऊ दे.” त्या खाली बसल्या आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, “सकाळपासून चार वेळा तुमच्या मंडळाचं माणूस या दारात आलं. काठी दिली, खाट दिली, गाडी आणली, आता हे. एकानं तरी आत येऊन विचारलं, पाय कसा आहे म्हणून? हे विचारायचं खातं कुणाचं आहे?”

हरिभाऊंनी डोळ्यांपुढे भिंतीवरचा कागद आणला. पाच चौकोन होते, बाण होते. हे कुठंच नव्हतं. पूर्वी कुणी काठी नेली की चार दिवसांनी मंडळातलं कुणी ना कुणी समाचाराला जाई, चहा घेई, आणि येऊन सांगे, की आता उठून बसायला लागलेत, खाट नको. ते काम कुणाचंच नव्हतं, म्हणून सगळेच करत होते. आणि कुणाचंच नव्हतं, म्हणून स्वानंदीबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. सुभेदार दादासो. पांढरी टोपी, हातात झेंडूचा हार. फळा वाचून तसेच आले होते. दारात जोतीराम, खाटेवर हरिभाऊ, खाली बसलेल्या चारुशीलाबाई, एवढं सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. हार काठीच्या मुठीला अडकवला, खुर्ची ओढून बसले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग म्हणाले, “गाडी कवा आली?”

जोतीरामनं सांगितलं, हुकूम निघाला आणि आली.

“आमचा थोरला गेला त्या टायमाला सकाळी सांगिटलं, गाडी दुपार कलल्यावर आली. सचिव मीच हुतो.” ते काठीला लावलेल्या हाराकडे बघत राहिले. “हरिभाऊ, लय भारी केलंसा. मी हारलो.”

जो शब्द ऐकण्यासाठी हरिभाऊ सकाळपासून पायरीपायरीनं मरत आले होते, तो आता आला होता. आणि त्यांना त्याचं काय करावं ते कळेना. ते म्हणाले, “दादासो, साखळी पुरी झाली नाही. हिनं सही दिली नाही.”

“देनार कशी? फौजंत बी मुडदा बगितल्याशिवाय नाव काटत न्हाईत.” दादासोंनी चारुशीलाबाईंनी पुढे केलेला चहा घेतला, बशीत ओतला, आणि पिता पिता दुसऱ्या हाताचा अंगठा हरिभाऊंच्या घोट्यावर दाबला. हरिभाऊ विव्हळले. “हाड सरकलंय. फोटो काडाय पायजे. चला, गाडी दारात हाय.”

तर असा त्या दिवसातला मंडळाकडून पहिला समाचार हरिभाऊंचा प्रतिस्पर्ध्यानं घेतला.

गाडी दारात होती हे खरं, पण पाटी अंत्यसेवेची होती. हरिभाऊ म्हणाले, पाटी फिरव. जोतीराम म्हणाला, फिरवायला हुकूम लागतो, आणि हुकूम मंडळातून निघायला आधी या कागदावर सही लागते. चारुशीलाबाई म्हणाल्या, सही मिळणार नाही. शालूबाई म्हणाल्या, दारात आलेली ही गाडी रिकामी परत धाडू नये, आमच्या माहेरी एकदा धाडली होती. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वादात पाय सुजत चालला. शेवटी चौघांनी हरिभाऊंना उचललं आणि आहे त्या गाडीत आहे तसं निजवलं. काठी आणि हार बरोबर गेले, कारण काठी मंडळाच्या मालकीची होती आणि हार काठीला होता.

त्या गाडीला खिडक्या मोठ्या ठेवलेल्या असतात. हरिभाऊ आडवे पडून सातारा पाहत होते. राजपथावर स्कूटरी थांबत होत्या. चपलांच्या दुकानदारानं गल्ल्यावरून उठून हात जोडले. ज्या वीज कार्यालयातल्या माणसानं तीन महिने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो चहाच्या टपरीशी उभा राहून डोळे मिटून पुटपुटत होता. पोलिसानं सगळी वाहतूक अडवून गाडीला वाट करून दिली. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, पण हरिभाऊंची साताऱ्यात कुणी कधी वाट अडवली होती ती फक्त अडवायचीच म्हणून. एवढा मान आपण जिवंतपणी घ्यावा आणि परत करू नये, हे त्यांच्या संस्कारात बसेना. पोवई नाक्यावर त्यांनी कोपरावर उठून खिडकीतून सर्वांना नमस्कार केला.

पोवई नाका त्यानंतर बराच वेळ सुरळीत झाला नाही, एवढंच सांगतो.

पायाला प्लास्टर बसलं. स्वानंदीबाई पुढच्या रविवारी आल्या, सगळं ऐकून खुर्चीत बसल्या, आणि मिनिटाचा पुन्हा दिवस केला. मग भिंतीवरच्या कागदावर प्रत्येक दोन चौकोनांच्या मध्ये एक गोल काढला. काठी गेली की समाचार, खाट गेली की समाचार. समाचार आल्याशिवाय बाण पुढे जायचा नाही. नव्या खात्याचा प्रमुख कोण, यावर मंडळाच्या इतिहासात प्रथमच एका सूचनेला कुणी हरकत घेतली नाही. सुभेदार दादासोंना सहावा कॉम्प्युटर मिळाला. ते एका बोटानं टंकतात, आणि दोनच ओळी टंकतात. ‘चहा घेतला. गडी बरा हाय.’ तेवढं पडद्यावर आलं की पाची खोल्या सैल होतात.

हरिभाऊ सचिव राहिले. पैज कोण जिंकलं ते इतिवृत्तात नाही. त्या जागी दोघांच्या सह्या आहेत. फक्त एक गोष्ट स्वानंदीबाईंनाही सोडवता आली नाही. सुरू झालेली मागणी सहीशिवाय बंद होत नाही, हा नियम त्यांनी हरिभाऊंच्याच आग्रहानं इतका पक्का बसवला होता की आता तो त्यांचंही ऐकेना. त्यामुळे रोज सकाळी मंडळ उघडलं की चौथ्या खोलीतला पडदा उजळतो आणि त्यावर हिरव्या अक्षरांत येतं, ‘शेवडे, शनिवार पेठ. गाडी तयार. नातेवाईकाची सही बाकी.’

जोतीराम रोज विचारतो, कारण विचारणं हा हुकूम आहे. हरिभाऊ काठी टेकत पडद्यासमोर येतात, ती ओळ संपूर्ण वाचतात आणि सांगलीतल्या त्या खिडकीशी लववली होती तशी मान लववतात.

“अजून नाही म्हणाली,” ते सांगतात, आणि आपल्या खोलीत जाऊन कामाला लागतात.